तेजाच्या गोळ्या

चामराजपुरमला कमलाक्षी ब्लाउज शिवायची. पन्नाशीला आली तरी तिच्या चेहऱ्यावर सुरकुती नव्हती. विजयनगरच्या एका ओळखीच्या बाईनं हे हेरलं आणि कातडीचं तेज वाढवणाऱ्या गोळ्यांचे डबे तिच्या दुकानात विकायला आणून ठेवले. माप देताना बायका विचारत, काय खातेस गं? कमलाक्षी डब्याकडं बोट दाखवी. खरं तर तिनं त्या चारच दिवस घेतल्या होत्या. पोट बिघडलं तशा सोडल्या.

गोदावरीबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. नातीच्या लग्नाला दोन महिने होते. एकीऐवजी दोन घेतल्या तर लवकर गुण येईल, असं कमलाक्षीनंच त्यांना सांगितलं. डब्यावरची बारीक अक्षरं तिनं कधी वाचली नव्हती.

पुढं रक्ततपासणीत गोदावरीबाईंचा थायरॉइड वाढलेला निघाला. औषध सुरू झालं, आणि त्या औषधानंच त्या सुजल्या, थकल्या. लग्नात सगळा वेळ खुर्चीवर बसून होत्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? त्यांनी डबा दाखवला. त्यातलं एक जीवनसत्त्व इतकं जास्त होतं, की त्यानं तपासणीचे आकडेच फिरवले होते. गोळ्या बंद करून पुन्हा रक्त तपासलं. थायरॉइडचा आजार मुळात नव्हताच.

गोदावरीबाई दुकानात आल्या. आवाज चढवला नाही.

"सुम्ने, सहज विचारते, कमलाक्षी. तू स्वतः घेतेस ना त्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. कमलाक्षीनं मान खाली घातली.

"नाही, बाई. चार दिवस घेतल्या होत्या फक्त."

"मग मला का दिल्यास?"

कमलाक्षीचे कान तापले. गोदावरीबाईंनी शिवायला दिलेलं कापड उचललं, नीट घडी घातली आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कमलाक्षीनं डबे परत पाठवले. मग गोळ्या नेलेल्या बाकीच्या अकरा जणींच्या दारी जाऊन तिनं प्रत्येकीला खरं सांगितलं. एकीनं दार लावून घेतलं, इतरांनी ऐकून घेतलं. त्यांतलीच कावेरी मात्र हसून म्हणाली, "असू दे गं. एखादा डबा उरला असला तर दे मला." तेव्हा कमलाक्षीला सगळ्यात जास्त लाज वाटली.

गोदावरीबाईंचं दार तिनं तीनदा गाठलं. बेल काही तिला वाजवता आली नाही.