गव्हाची व्हिस्की आणि हाइलचा रस्ता

पहाटेची फजरची नमाज आटोपून इब्राहिमभाईंनी गाडी काढली आणि आम्ही सौदीतलं अल खर्ज सोडलं. हाइलजवळच्या आमच्या डेअरीच्या शेतावर बॉयलर बंद पडला होता. तो बघायला डग्लस आणि मी निघालो होतो. डग्लस हे आमचे स्कॉटिश इंजिनिअर, साठीच्या घरातले, अबोल. मी सांगलीकडचा, साखर कारखान्यातून इथे आलेला. आमचे ड्रायव्हर इब्राहिमभाई श्रीवर्धनचे, अरबी बोलण्यात पटाईत.

कसीम प्रांत ओलांडल्यावर वाळू तांबूस होत गेली. दुपारी गव्हाची शेतं लागली. गोलच्या गोल, पाण्याची लांबलचक नळी मध्याभोवती फिरणारी. पीक कापणीला आलेलं. तिथेच मागचं चाक फुटलं. जादा चाक काढलं, तर त्यातही हवा नाही.

"खलास," इब्राहिमभाई म्हणाले. "माझीच चूक. निघताना बघायला हवं होतं."

डग्लस मात्र शेतात शिरले. एक ओंबी तळहातावर चोळून, फुंकर मारून त्यांनी दाणे तोंडात टाकले.

"असाच गहू आमच्याकडे यायचा. डिस्टिलरीत."

दोन वर्षं आम्ही एका टेबलावर जेवत होतो. हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या कारखान्यात मळीपासून अल्कोहोल निघायचं. त्यांच्याकडे गव्हापासून ग्रेन व्हिस्की, उंच तांब्याच्या मनोऱ्यात वाफेवर अखंड गाळली जाणारी. मग ती वर्षानुवर्षं पिंपात मुरायची.

"शेवटच्या दिवशी मी एक पिंप भरलं," ते म्हणाले. "आधी ज्यात शेरी, म्हणजे स्पेनची वाइन, मुरली होती असं. त्याच संध्याकाळी मला काढून टाकलं. मी कामावरही पिऊन असायचो. बायको सोडून गेली, मुलगी बोलेनाशी झाली. मग जिथे दारू मिळणार नाही असा देश शोधला."

"आणि आता?"

"मुलगी त्याच डिस्टिलरीत नोकरीला लागलीय. पुढच्या महिन्यात ते पिंप उघडतायत. तिने बोलावलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी हात झटकले. "नाही जाणार. एक घोट घेतला, की मी संपलो."

तेवढ्यात एक पिकअप थांबली. शेताचे मालक अबू सालेह, पांढऱ्या दाढीचे, स्वतः चालवत होते. त्यांनी चाक गावात दुरुस्तीला पाठवलं आणि आम्हाला मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) नेलं. वेलची घातलेला गहवा (अरबी कॉफी), खजूर आणि परातभर कब्सा (मांस घालून शिजवलेला भात) समोर आला.

इब्राहिमभाईंमार्फत डग्लस गव्हाबद्दल इतकं नेमकं बोलत होते, की अबू सालेहंनी विचारलं, "तुमचीही शेती होती का?"

"हो म्हणा, साहेब," इब्राहिमभाई हलकेच म्हणाले.

"नाही. त्यांना खरं सांगा. सगळं," डग्लस म्हणाले.

इब्राहिमभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. पिंपाचंही, मुलीचंही. अबू सालेहंनी हातातला गहव्याचा पेला खाली ठेवला.

"ते काम हराम," ते म्हणाले. "पण मुलीने बापाला बोलावलंय. बापाने गेलंच पाहिजे. न पिता इथे किती वर्षं झाली?"

"अकरा."

"ती काय फक्त पोलिसांच्या भीतीने?"

इब्राहिमभाईंनी प्रश्न सांगितला. डग्लसनी नुसती मान हलवली. नाही. आणि रुमाल काढून डोळ्यांना लावला.

चाक बसवून निघालो. हाइलचे लाल डोंगर दिसू लागले, तेव्हा मागच्या सीटवरून त्यांनी मुलीला फोन लावला. "येतोय," एवढंच ऐकू आलं. बॉयलर आम्ही दुसऱ्या दिवशी चालू केला आणि परतलो.

महिन्याभराने डग्लस जाऊन आले. मुलीने पेला पुढे केला, ते सांगत होते. त्यांनी फक्त वास घेतला. मनुका, जुनं लाकूड, आणि अगदी तळाशी गहू. "जमलीय," म्हणून पेला तिला परत दिला. मग दोघं गोदामात दुपारपर्यंत पिंपांबद्दलच बोलत राहिली. माफीचा विषय कुणी काढला नाही.

या देशात काय मिळत नाही, याची यादी मी घरी फोनवर नेहमी ऐकवायचो. त्या प्रवासानंतर ती सवय सुटली. डग्लस आता दर शुक्रवारी मुलीला फोन करतात, आणि आम्ही जेवायला त्यांची वाट बघत थांबतो.