कालव्याकाठानं अर्धापूर

मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी मुलीच्या घरी पाहुण्यांसाठी साठवलेलं पाणी मी सायकल धुण्यात संपवलं. वर्ष दुष्काळाचं होतं.

याचं मूळ एका मासिकात आहे. लातूरच्या वाचनालयात मी जायचो तो पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून. तिथं एकदा युरोपातल्या कालव्यांवर सचित्र लेख हाती लागला. तिकडं म्हणे माणसं मुद्दाम रजा काढून दिवसच्या दिवस कालव्याच्या काठानं सायकली हाणतात. चित्रातला कालवा पट्टीनं आखल्यासारखा सरळ, दोन्ही अंगांना झाडं, पाण्यात बदकं, आणि सायकलींवर एक लालबुंद नवरा-बायको. काठाची वाट सपाट असते, ती चुकत नाही, आणि सोबत केळी ठेवावीत, असा लेखकाचा सल्ला होता. तो मी मनावर घेतला.

आमच्या लातूरचा नुकताच जिल्हा झाला होता. नळाला पाणी नव्हतं, पण तो नळ आता जिल्ह्याचा होता. पाकिटावर 'जिल्हा लातूर' लिहिताना माणसं अक्षर जरा मोठं काढीत. वडिलांची धान्याची आडत. जिल्ह्याच्या गावचा मुलगा म्हणून आता माझा भाव चढेल, असं त्यांना वाटलं होतं. पण उदगीरच्या घरानं 'कळवतो' म्हटलं आणि देगलूरच्या घरानंही 'कळवतो' म्हटलं, आणि कळवलं कुणीच नाही. अर्धापूरचं स्थळ तिसरं. केळीचे बागायतदार, आमच्यासारखेच लिंगायत, मुलगी मॅट्रिक. हेही गेलं तर पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही, पोत्यावर बसून म्हातारा हो, असं वडिलांनी मला शांतपणे सांगून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी आम्ही नांदेडला मामांकडं उतरलो. माझी नवी डायनामोवाली सायकल एसटीच्या टपावरून आली होती. सकाळी मी जाहीर केलं की मोठ्यांनी एसटीनं यावं, मी कालव्याच्या काठानं येतो. मामा म्हणाले, एसटी त्यांच्या दारातच थांबते. मी म्हणालो, दारात काय, सगळेच उतरतात. वडील काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले की मला ती परवानगी वाटे, हा माझा जुना गैरसमज.

पाणी बरोबर घेतलं नाही. कालव्याच्या काठानं जाणारा माणूस पाणी कशाला घेईल? केळी मात्र डझनभर घेतली. अर्धापूरला केळी घेऊन जाणारा माणूस माझ्याआधी झाला नसावा.

कालवा कोरडा होता. मला वाटलं, इथं नसेल, पुढं असेल.

पुढं तो सरळही नव्हता. आपल्याकडचा कालवा टेकाड दिसलं की वाकडी वाट करतो, भांडलेल्या भाऊबंदाच्या घरासमोरून जाताना करतात तशी. एकच पांढरं देऊळ मी समोरून पाहिलं, मग बाजूनं पाहिलं आणि ऊन चढल्यावर मागून पाहिलं. काठावर बाभळीचे काटे, म्हणून मी सायकल खाली कालव्यात उतरवली. तिकडं कालव्यात नाव आणि काठावर सायकल असते. इथं कालव्यात मी आणि काठावर शेळ्या.

शेळ्यांच्या म्हाताऱ्यानं वरून विचारलं, "काय करून राहिला, साहेब?"

सायकल चालवतोय म्हटलं.

"ते दिसून राहिलं. कालव्यात कामून?"

मी काठावरच्या काट्यांकडं बोट दाखवलं. मी पाटबंधाऱ्याचा माणूस आहे का, पाणी सुटणार आहे का, असं त्यानं विचारलं. दोन्हीला नाही म्हटल्यावर तो निर्धास्त झाला. सुटणार असतं तर तुम्हाला आधी वर काढावं लागलं असतं, म्हणाला.

केळी खाल्ल्यावर तहान वाढते, हे मासिकात नव्हतं. घसा चिकटला. तशात पाणी अडवायच्या एका लोखंडी दरवाजाच्या बुडाशी थोडी ओल राहिली होती. सगळ्या तालुक्यात चिखल असा तेवढाच, आणि त्यात मी सायकलीसकट आडवा झालो. पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत काळा, सायकल मडगार्डापर्यंत काळी. सूर्य डोक्यावर, आणि मुलगी पाहायची वेळ तीच.

कालवा त्या घराच्या मागूनच जात होता. वाट चुकली नाही, एवढं श्रेय मला द्यायला हवं. करपलेल्या केळीतून सायकल ढकलत मी परसात पोचलो. सगळी माणसं पुढच्या दाराला आमच्या माणसांची सरबराई करण्यात होती. मागं कुणी नव्हतं. भिंतीशी ओल्या गोणपाटानं झाकलेलं पिंप होतं. आधी प्यालो. मग हातपाय धुतले, तोंड धुतलं, पायजमा खंगाळला. या अवतारात सायकल बरी दिसेना, म्हणून तीही घेतली. तारा एकेक करून पुसल्या. तिसऱ्या घराला 'कळवतो' म्हणायला निमित्त मिळू नये, हाच विचार डोक्यात होता. तांब्या तळाला घासला तेव्हा थांबलो.

मग वळसा घालून पुढून आलो, सायकल दारात टेकवली, हात जोडून सगळ्यांना 'शरणार्थ' केलं आणि ओल्या पायजम्यानं सतरंजीवर बसलो.

मुलगी पोहे घेऊन आली. पोहे झाले, चहा येईना. मामांना ठसका लागला, पाणी येईना. मुलीच्या वडिलांनी आत दोनदा पाहिलं. आतून कुणीतरी हळूच सांगितलं की पिंप रिकामं आहे. ते संकोचून म्हणाले, टँकर परवाचा, म्हणून पोरीनं पहाटेपासून लांबच्या विहिरीवरून घागरी वाहून तुमच्यासाठी भरून ठेवलं होतं. कुणी सांडलं कळत नाही.

मी सतरंजीचे धागे पाहू लागलो. बाहेर मात्र त्यांची म्हैस दावं ताणून माझी सायकल चाटत होती. घर, झाडं, रस्ता, एसटी, सगळ्यावर धुळीचा एकच रंग. त्यात ती सायकल लग्नातल्या कळशीसारखी चकाकत होती, आणि चेनवरून अजून थेंब पडत होते. हळूहळू सगळ्यांनीच तिकडं पाहिलं.

मामांनी ठसक्यातूनच सांगितलं की पोरगा स्वच्छतेचा लई भोक्ता आहे. वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या लेखी माझी पोत्यावरची जागा पक्की झाली होती.

मुलीचे वडील भले गृहस्थ. या प्रसंगात कुठं पाहावं हे न कळून ते मुलीकडं वळले आणि तुला काही विचारायचं का, असं म्हणाले. अशा वेळी मुलीनं मान हलवून आत जायचं असतं. ती गेली नाही. तिच्या तळहाताला दोराचे वळ होते, ते मला तेव्हा दिसले.

"कालव्यानं आलात?"

हो म्हटलं.

"कोरडा हाय ते कुठं आल्यावर कळलं?"

मामांनी मला कोपर मारलं. पण एवढ्या तहानेत मला दुसरं काही सुचेना.

"नांदेड सोडल्या सोडल्या."

"मंग माघारी कामून नाही फिरलात?"

"पुढं असेल, असं वाटलं."

तिनं एकदा करपल्या केळीकडं पाहिलं, एकदा म्हशीकडं, मग माझ्याकडं. रिकामं ताट उचललं आणि वडिलांना म्हणाली, "लबाड न्हाई, अण्णा. येडं हाय. चालंल मला."