अण्णांचा मिस कॉल

बायकोलाही हे ठाऊक नाही. सांगायला बसलो की मी दुसराच विषय काढतो. आताही काढावासा वाटतोय. पण तुम्ही आमच्या गावचे नाही, अण्णांना ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ थोडी सैल होईल. बघू.

आधी त्या खेळाचं सांगतो. हसू नका. गावात माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर गोल्फचं रिसॉर्ट चालवायचो. गोल्फ मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, परभणी जिल्ह्यात कोण पाहणार? पण पडीक जमीन घ्यायची, हिरवळ लावायची, तळं खोदायचं, पाहुण्यांना खोल्या बांधायच्या, माळी ठेवायचे – याची अशी गोडी लागली की विचारू नका. दिवसभर तणनाशक विकणारा माणूस मन लावून गवत वाढवत बसलेला! बाहेर मे महिन्यात रानं भेगाळलेली, आणि माझ्या हातात सगळं हिरवंगार.

आणि खरं सुख कशाचं होतं सांगू? तिथल्या माणसांच्या मनातलं कळायचं. पाहुण्याला तहान लागली की त्याच्या डोक्यावर पाण्याचं चित्र यायचं, पाय दुखले की बाकाचं. बाक टाकला की गडी लगेच खूश. खऱ्या माणसांचं असं कुठे असतं? अण्णांच्या चेहऱ्यावरून तर मला जन्मात काही कळलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. मागच्या उन्हाळ्यात ते गंगाखेडला आत्याकडे गेले होते. परत येतानाची त्यांची रीत ठरलेली – बस देवगाव फाट्याजवळ आली की मला एक मिस कॉल द्यायचा, मी मोटारसायकल घेऊन निघायचं. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, बोलत जा, असं किती वेळा सांगितलं. पण सवय जुनी. एक रिंग द्यायची आणि कापायचं. पुन्हा द्यायचा नाही. एकदा कळवलं म्हणजे कळवलं.

त्या दुपारी माझ्या रिसॉर्टवर मोठी स्पर्धा चालू होती. हिरवळीवर वरून अण्णांचं नाव उतरलं, आणि – मी ते अंगठ्याने बाजूला सारलं. मला दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं. एवढी स्पर्धा संपू दे, म्हटलं. मग पाहुणे चिडले, मग माळ्याने काम सोडलं, मग तळ्याचं पाणी आटलं. तिथे सारखं काहीतरी होत असतं ना?

अण्णा फाट्यावर थांबले. रस्ता रुंद करताना तिथली झाडं गेलीत. शेवटी ते चालत निघाले. वाटेत ओळखीच्या टेम्पोवाल्याने त्यांना घेतलं आणि दुकानापुढे आणून सोडलं, तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मागेच आमचं घर, तिथून बायको तांब्या घेऊन धावली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "मिस कॉल आला न्हाई का रे?"

त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. बायको माझ्याकडे बघत होती, या खेळावरून आमचं आदल्याच दिवशी वाजलं होतं.

"न्हाई आला, अण्णा."

"म्या तर दिला व्हता." त्यांनी आपला बटणांचा फोन माझ्या हातात दिला. नजर अधू झाल्यापासून त्यातलं त्यांना वाचता येत नाही, माझ्या नंबराचं एक बटण तेवढं दाबतात. मी उघडून पाहिलं. माझं नाव सगळ्यात वर होतं. अंगठा कसा अगदी सराईतपणे चालला – मी ते पुसून टाकलं.

"इथं न्हाई, अण्णा. तुमी दिलाच न्हाई. इसरला असाल."

त्यांनी फोन परत घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग हळूच म्हणाले, "आसंल बाबा."

तुम्हाला वाटेल, एवढंसं खोटं. पण माझे अण्णा म्हणजे गावाची आठवण होते. सोयरीक जुळवण्याआधी लोक आमच्या ओट्यावर यायचे. कोण कुणाचा मेहुणा, कुठे भावाबहिणीचं नातं निघतं, अण्णा तीन पिढ्या सहज उलगडायचे. त्या दुपारनंतर ते दाराची कडी पुन्हा पुन्हा बघायला लागले. गोळी घेतली का, हे सुनेला विचारायला लागले. सेलूच्या बाजाराला एकटे जाणं सोडलं. बायको काळजीने म्हणाली, आता त्यांना एकटं सोडायचं नाही. मी मान हलवली. मी मान हलवली, ऐकलंत ना?

खेळ मी काढून टाकला. त्यात काही बिघडलं तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करता यायचं. इथे अण्णांना एक वाक्य सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल, हे मला रोज सकाळी चहा देताना कळतं. रोज कप ठेवतो आणि दुकानात येतो. ते आता खरंच विसरायला लागलेत का? की मी शिकवलं म्हणून? रात्रंदिवस हाच घोर आहे, आणि कुणाला विचारायची सोय नाही.

परवा चुलतभाऊ आला. त्याच्या मुलीला चुडाव्याचं स्थळ आलंय. पाहुण्यांना घेऊनच आला होता. त्यांचं-आपलं आधीचं काही नातं निघतं का, हे अण्णांना विचारायला. अण्णांचा चेहरा उजळला. "चुडावा? आरं, माझी सासरवाडी –" म्हणाले आणि थांबले. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या जन्माआधी ते तिथेच मुंडावळ्या बांधून उभे राहिले होते. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिलं.

"चुडावाच ना रे? तू सांग."

मी म्हणालो, "व्हय अण्णा, चुडावाच."

ते निवांत झाले. पाहुण्यांकडे वळून कौतुकाने म्हणाले, "माझं काय खरं न्हाई आता. पोराच्या ध्यानात आस्तं सगळं."