उशिरा येणारी बाई

बंगळूरला राजाजीनगरच्या आमच्या घरात वडिलांना सगळे अण्णा म्हणत. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि अण्णांनी गुरुवारच्या भजनात गाणं बंद केलं. वरचा सा लागेना. मंडळींनी आग्रह केला की ते टाळ घेऊन खाली मान घालून बसायचे. मला ते बघवत नसे.

ऑफिसात माझ्या शेजारी एक अँग्लो-इंडियन टायपिस्ट बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. टाईप करता करता गुणगुणायच्या. मी पहिल्यापासून भोचक. काय गाता म्हणून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी भरलेली एक कॅसेटच आणून दिली.

"जॅझ आहे. दोन्ही बाजूंना एकच गायिका," त्या म्हणाल्या. "एकीकडे तरुण, दुसरीकडे म्हातारी."

घरी येऊन तरुण बाजू लावली. शब्द निम्मे कळले नाहीत, पण आवाज कानाशी बसून बोलल्यासारखा होता. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. बाई प्रत्येक ओळ उशिरा उचलत होती. आमच्याकडे सम, म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका, हुकणं हा मोठाच गुन्हा. लहानपणी मी हुकले की अण्णा मांडीवर थाप मारून मला जागेवर आणायचे. मी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजल्या, कॅसेट मागे नेली, पुन्हा मोजल्या. मागे ड्रमवाला झाडू फिरवल्यासारखं खसखस करत होता, तो अगदी नेटका. बाईच मागे. इतकी गाणी गाऊन हिला कुणी सांगितलं कसं नाही?

शेवटी टायपिस्ट बाईंना विचारलं, "ही चुकते का हो?"

त्या हसून हसून टाईपरायटरवर वाकल्या. "चुकत नाही गं. येते. सावकाश येते."

रविवारी सकाळी अण्णा स्वयंपाकघरात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होते. मी मुद्दामच टेप तिथे नेला. दुसऱ्याच ओळीला मांडीवर थाप पडली.

"चुकली!"

"अण्णा, स्वल्प थांबा ना."

पुन्हा थाप, पुन्हा थाप. मग थाप मारायला उचललेला हात वरच राहिला. ओळीच्या शेवटी बाई बरोबर ठोक्यावर उतरली होती. "लबाड आहे," अण्णा म्हणाले आणि शेंगा बाजूला सरकवल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना कशाचं तरी कुतूहल वाटत होतं. मला इतका आनंद झाला की मी कॅसेट उलटवताना बटणं चुकले.

दुसऱ्या बाजूला आवाज खरखरीत होता, मधेच फाटणारा.

"ही कोण?"

"तीच. म्हातारपणी."

"अगं, हिचा तर आवाज गेलाय."

"हो."

अण्णांनी तीच बाजू पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "दम पुरत नाही म्हणून थांबते बघ. वर जायचं तिथे खालीच बसते. आणि तरी खुशाल गाते."

त्यानंतर आठवडाभर संध्याकाळी तीच बाजू लागायची. मी विचारायचे, आज काय सापडलं? ते कानडीत म्हणायचे, सरी, म्हणजे बरं, तू चहा टाक.

पुढच्या गुरुवारी भजनात अण्णांनी टाळ खाली ठेवला आणि पेटीवाल्यांना दोन स्वर खाली यायला सांगितलं. मग त्यांनी नेहमीचाच अभंग धरला, खालच्या, घोगऱ्या आवाजात. दुसऱ्या ओळीला मृदंग आला, झांजा आल्या, अण्णा आले नाहीत. म्हातारे मृदंगवाले काळजीने वाकले आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"अण्णा, चुकलात!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"चुकलो नाही," ते म्हणाले, "येतोय."