माझ्या आरोळीची खरी गोष्ट

आमच्या गल्लीत माझी एक आरोळी प्रसिद्ध आहे. साठी उलटलेली माझी बायको पहिल्याच पोहण्याच्या स्पर्धेत मध्येच बुडायला लागली, मी कठड्यावरून आरोळी ठोकली, तिच्या अंगात बळ आलं आणि तिनं पल्ला पुरा केला, असं सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे तिथं नव्हतेच. मी होतो. म्हणून लिहितो.

तिचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करायला सांगितला. ती तलावावर बायकांच्या बॅचला जाऊ लागली. पहिल्या दिवशी रबरी टोपी घालून आरशापुढं उभी राहिली, तर मी म्हणालो, "उकडलेलं अंडं दिसतंयस." तिनं टोपी काढली नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शिकवणाऱ्या मॅडमनी पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला सांगितलं होतं. ती स्वयंपाकघरात पातेल्यात तोंड बुडवून बुडबुडे काढत बसायची. मी पेपराआडून विचारायचो, "आज आमटीला लवकर उकळी फुटली वाटतं?" ती तोंड वर काढायची, नाक पुसायची आणि परत बुडी मारायची.

मग ज्येष्ठांची स्पर्धा जाहीर झाली आणि तिनं नाव दिलं. तोवर तिला दर खेपेला अर्ध्यावर दोरी धरून दम घ्यावा लागत होता.

"मला नंबर नको," ती म्हणाली. "ह्या काठावरनं त्या काठाला जायचंय. मध्ये न थांबता. एवढंच."

त्या दिवसापासून मी तिचा गुरू झालो. कुणी नेमला नव्हता, आपणहूनच झालो. माझं शिक्षण आजोळी, मुरगूडला विहिरीत झालेलं. विहिरीत डोकं बाहेर ठेवूनच पोहतात, कारण वरून कोण कधी अंग आवळून मुटक्याची उडी मारून टाळक्यावर पडेल याचा नेम नसतो. माझ्या पाठीला तेव्हा तरंगायला भोपळा बांधलेला असायचा आणि तो कधीच सुटला नाही, हे मात्र मी संसारात कुणाला कळू दिलं नव्हतं. तिला दिवाणावर पालथं झोपवून हात मारायला लावायचो आणि ओरडायचो, "डोकं वर!"

"मॅडम म्हणतात, तोंड खाली."

"मॅडम टाकीत शिकल्यात. आम्ही विहिरीत."

"मग स्पर्धा विहिरीत हाय व्हय?"

यावर मी चहा मागितला.

गल्लीतल्या मंडळाची पोरं फोटो मागायला आली. म्हटलं, "अरे, स्पर्धा अजून व्हायचीय."

"काका, फ्लेक्स आधीच लावायचा असतोय. नंतर निकाल लागतोय की!"

कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. वर 'हार्दिक अभिनंदन'. तिचा फोटो रेशनकार्डावरून काढल्यासारखा, कोपऱ्यात. मधोमध मी, पुतण्याच्या लग्नातला, फेटा आणि गॉगलसह. खाली ठळक अक्षरांत 'मार्गदर्शक'. ती भाजीची पिशवी घेऊन बराच वेळ वर बघत राहिली.

"ह्यातलं पोहणार कोण हाय?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, पोरांचा उत्साह आहे, मोडू नये. फोटो मीच निवडून दिला होता.

स्पर्धेच्या दिवशी ती पाण्यात उतरली आणि तोंड खाली घालून पोहू लागली, मॅडमनी सांगितलं होतं अगदी तसं. सगळ्यांच्या मागं होती, पण एका लयीत. जिथं रोज दोरी धरायची ती जागा आली आणि गेलीही. ती थांबली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मंडळाची पोरं शेजारी उभी होती आणि मार्गदर्शकाचं एक अक्षर तिनं ऐकलेलं नव्हतं. मी गळा फाडून ओरडलो, "डोकं वर!"

तिनं ऐकलं. इतक्या वर्षांची सवय. डोकं वर काढलं, पाणी घशात गेलं, ठसका लागला, आणि तिनं दोरी धरली. खोकली. माझ्याकडं बघितलं नाही. पुन्हा तोंड खाली घातलं आणि पलीकडं गेली, शेवटची.

"काय आवाज हाय काका!" पोरं म्हणाली. "काकूंना वाचवलासा की!"

मी नाही म्हणालो नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "थांबले मी."

"पण पोचलीस की."

"थांबले."

पुढच्या रविवारी सत्कार झाला. तिला नारळ, मला फेटा. माईक माझ्या हातात आला आणि जिद्द या विषयावर मी बराच वेळ बोललो. ती शेजारी नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा तिनं पुन्हा नाव दिलं. निघताना म्हणाली, "तुम्ही येऊ नका." मी घरी बसलो. दुपारी ती परतली, चप्पल काढता काढता म्हणाली, "न्हाई थांबले," आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. पुन्हा शेवटचीच आली होती. वरून गुणगुणणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मंडळाची पोरं भेटली. "काका, तुम्ही न्हवता न्हवं, म्हणून नंबर गेला."

मी सगळ्यांदेखत सांगितलं, "गेल्या वर्षी ती माझ्यामुळं थांबली. मी ओरडलो नसतो तर तेव्हाच पार झाली असती. आणि मला पोहता येत नाही."



"ह्याला म्हणत्यात मोठेपणा," एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि उठून मला आपली खुर्ची दिली.

मी बसलो.