सरांच्या मागून वर्गात

आमच्या कॉलेजात मुली वर्गात जात नसत, त्यांना नेलं जाई. घंटा झाली की सर स्टाफरूममधून निघत, लेडीज रूमच्या दाराशी येऊन खाकरत, आणि मग आम्ही वह्या छातीशी धरून एकीमागे एक अशा त्यांच्या मागून चालू लागायचो. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना मुलगे उभे असत. कुणी पाय आपटी, कुणी शीळ घाली, कागदाचे बाण तर रोजचेच. सर पुढे असले म्हणजे हा गोंधळ जरा आटोक्यात राही. वर्गात पुढची बाकं आमची. तास संपला की मुलगे बसून राहत आणि आम्ही पुन्हा सरांच्या मागून लेडीज रूममध्ये. सर आलेच नाहीत तर तासभर तिथेच बसायचं. वाचनालयातलं पुस्तक हवं असलं तरी शिपायाकरवी मागवायचं.

गिरगावात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर भरणारं ते लहानसं कॉलेज. आता ते नाही, आणि नाही त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. वडील गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून आमच्या लोकांना घेत नसत, आणि पुढे आम्ही बौद्ध झालो म्हणून घ्यायला लागले, असंही काही झालं नाही. प्रवेशाच्या वेळी प्रिन्सिपॉल वडिलांना म्हणाले, "तुमची मुलगी इथे एक क्षणही एकटी नसेल." वडील इतके खूष झाले की ट्रामने परत येताना शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी ते ऐकवलं. मुलीला सांभाळायला एक पुरुष नेमून दिला की बापाचा जीव थंड होतो. तो पुरुष कसा आहे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

लेडीज रूममध्ये माझी एकच मैत्रीण होती. ती वरळी कोळीवाड्यातली. तिची आई दादरच्या बाजारात मासे विकायची. मुलगी उंच, खांद्याने रुंद, आणि इतिहासात अशी हुशार की सनावळ्या विचारायला मुलगेसुद्धा चिठ्ठ्या पाठवत. तिला शिक्षिका व्हायचं होतं. कोळीवाड्याच्या शाळेत बाहेरून येणाऱ्या बाया नाकाला पदर लावून शिकवतात, तिथे नाकाला पदर न लावणारी एक तरी बाई हवी, असं ती म्हणायची. तिने हे ठरवूनच टाकलं होतं.

बाकीच्या मुली मधल्या सुट्टीत टेबलाभोवती बसून डबे खात. आम्ही दोघी खिडकीशी. तिच्या डब्यात सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी असे. माझ्या डब्यात काय असे ते महत्त्वाचं नव्हतं, माझं आडनाव पुरेसं होतं. कुणी आम्हाला उठवलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त टेबलाशी कधी जागा नसायची. आम्हालाही त्याचं फार वाटत नव्हतं. खिडकीतून वारा येई, आणि ती माझ्या डब्यातलं निम्मं खाऊन टाकी.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती वर्षं. गोळीबारात आमच्या शेजारच्या चाळीतला एक माणूस गेला होता. मोर्चे निघत, बाया कडेवर पोरं घेऊन मोर्चात जात, माझी आईही गेली. आणि लालबाग-परळात सभा असली की व्यासपीठावर आमचे इतिहासाचे सर हमखास असत. काय बोलत! ते तुरुंगात जाऊन आले तेव्हा आमच्या चाळीने त्यांना बोलावलं, हार घातला. हार घालणारे माझे वडील. "पोरी, हे तुला शिकवतात?" असं त्यांनी मला दहा वेळा विचारलं असेल. मलाही तेव्हा मान ताठ झाल्यासारखं वाटलं होतं. इथून पुढे मात्र मी त्या माणसाला 'तो' म्हणणार आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, किंवा घेऊ नये.

त्याच्या तासाला भिंतीवर मोठा नकाशा टांगलेला असे. तास संपला की तो एखाद्या मुलीला म्हणे, "नकाशा जरा माझ्या खोलीत ठेवून जा." त्याची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. आम्ही इंटरला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, असताना एके दिवशी तो माझ्या मैत्रिणीला म्हणाला, "तू उंच आहेस, तूच काढ तो." तिने काढला, गुंडाळला, आणि त्याच्या मागून वर गेली. मुलीने सरांच्या मागून चालायचं, हेच तर आम्हाला शिकवलं होतं.

ती परत आली तेव्हा मी खिडकीशी तिची वाट बघत होते. तिची वेणी सुटली होती. ती बसली नाही. भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "त्यानं दार लावलं." मग, "मला भिंतीशी दाबलं. हात घातला. मी चावले त्याला. रक्त आलं." तिच्या दातांना खरंच रक्त होतं. मी तिला पाणी दिलं, ती चुळा भरत राहिली, भरतच राहिली. टेबलाशी बसलेल्या मुली आमच्याकडे बघत होत्या. त्यांतली एक सीनियर बी.ए.ची मुलगी उठून आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अगं, एकटी कशाला गेलीस? नकाशा दोघींनी न्यायचा असतो ना."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "असतो म्हणजे?"

ती म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला आमच्या आधीच्या मुलींनी सांगितलं. आम्ही नव्या आलेल्यांना सांगतो, डबा खाताना." आणि मग तिचं तिलाच कळलं की ती काय बोलली. ती खाली बघायला लागली. "आम्हाला वाटलं, तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल."

कुणी सांगायचं? ही सूचना वर्षानुवर्षं त्या टेबलाभोवती फिरत होती, लोणच्यासारखी, या डब्यातून त्या डब्यात. खिडकीशी ती पोचली नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी टेबलावरचा एक डबा उचलून आपटला. त्याचा आवाज ऐकून तर्कशास्त्राच्या बाई आल्या. कॉलेजात शिकवणारी बाई म्हणाल तर तेवढी एकच. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं आणि आधी काय विचारलं असेल? "पण मी तर मोठ्या मुलींना दरवर्षी बजावते, की सगळ्यांना सांगा. तुम्हाला नाही कळलं?" म्हणजे बाईंनाही माहीत होतं. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना वाटत होतं की आपण मुलींना जपतोय. नोकरी सांभाळून जेवढं जपता येईल तेवढं त्या जपत होत्या.

गोष्ट प्रिन्सिपॉलांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी मैत्रिणीच्या आईला बोलावलं. साक्षीला म्हणून मलाही आत घेतलं. तिची आई बाजारातून थेट आली होती, लुगड्याचा काष्टा, केसांत अबोलीची वेणी, हात धुतलेले तरी माशांचा वास होताच. आता कोळीण आकांडतांडव करणार म्हणून दोन शिपाई दाराबाहेर तयारीत उभे केले होते. तिने आवाजसुद्धा चढवला नाही. प्रिन्सिपॉलच बोलत होते. यापुढे त्या खोलीचं दार उघडं राहील. बाहेर स्टुलावर शिपाई बसेल. पण हे प्रकरण बाहेर जाऊ नये. सरांचं नाव मोठं आहे. या दिवसांत आपल्याच माणसाची अशी बेअब्रू झाली, तर ज्यांना मुंबई आपल्याकडून हिसकावून घ्यायची आहे त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. "तुम्हालाही मुंबई हवी आहे ना, बाई?"

ती खुर्चीवरून उठली. "मुंबई आमचीच हाय, साहेब. आमी हितं कवापासून हाव ते इचारा तुमचे इतिहासवाल्याला." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "माझे बाजारान हिचे अंगाला हात लावाची कोनाची हिंमत नाय. कोयता असतो हातान. तुमी हिचे हातान काय दिलाव? नकाशा." आणि मुलीला घेऊन ती जिना उतरून गेली. मुलीने जाताना वह्यासुद्धा घेतल्या नाहीत, त्या मी नेऊन दिल्या.

वडिलांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते चहा पीत होते, कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. उठून ते चाळीच्या कमिटीच्या माणसाकडे गेले. परत आले ते चेहरा पाडून. "ते म्हणतात, आत्ता नको. आधी मुंबई मिळू दे." मी म्हटलं, "आणि तुम्ही काय म्हणता?" ते म्हणाले, "तू दुसऱ्या कॉलेजात नाव घाल." मी का जाऊ? ती का गेली? जायचं कुणी, हे सगळ्यांना माहीत असूनही सगळे मूग गिळून बसले होते, त्यात माझा बापही. त्याने पुन्हा त्या माणसाला हार घातला नाही, एवढंच.

मी तिथेच राहिले. जूनमध्ये नव्या मुली आल्या तेव्हा मी लेडीज रूमच्या दारात उभी राहिले आणि आत येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. नकाशा दोघींनी न्या, असलं सोवळ्यातलं बोलणं नाही. इतिहास शिकवणारा माणूस मुलींना खोलीत नेतो आणि हात घालतो, असं सरळ, मोठ्याने, टेबलाशी आणि खिडकीशी दोन्हीकडे ऐकू जाईल असं. मुली कानांवर हात ठेवत. एकीच्या वडिलांनी माझ्या तोंडाळपणापायी तिचं नाव काढून घेतलं. बाई म्हणाल्या, "असं उघड बोलायचं नसतं गं." प्रिन्सिपॉलांनी काढून टाकण्याची धमकी दिली, पण काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते लिहिण्याची त्यांची छाती नव्हती.

मग एक दिवस आम्ही त्याच्या खाकरण्याची वाट बघितली नाही. घंटा झाल्याबरोबर निघालो. त्या सीनियर मुलीच्या धाकट्या बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. मुलग्यांनी पाय आपटले, बाण मारले, एकाने अचकटविचकट काहीतरी म्हटलं. पाय आपटल्याने कुणी मरत नाही. तो वर्गात आला तेव्हा आम्ही बाकांवर बसलो होतो. "आज फार घाई झाली?" तो हसून म्हणाला. आम्ही वह्या उघडल्या. तास संपल्यावर नकाशा कुणी काढला नाही, तो त्यालाच न्यावा लागला. त्यानंतर मी तिथे होते तोवर एकही मुलगी तो जिना चढली नाही. याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. पण आम्ही फक्त स्वतःला सांभाळत होतो. त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. सभेत टाळ्या तशाच पडत होत्या.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यानंतर मी बी.ए. पास झाले. दादरला बाजारात गेले ते मैत्रिणीला सांगायला. मध्ये फार भेट झाली नव्हती; मी गेले की तिला माझ्याकडे बघवत नसे, आणि मला तिच्याकडे. ती आईच्या शेजारी बसली होती, पुढ्यात फळी, हातात कोयता. मी पास झाल्याचं ऐकून ती एवढी हसली की मलाच रडू आलं. मग फळी पुसत म्हणाली, "इंटरला इतिहासाला अजून तेच पुस्तक आहे का गं?"

"तेच आहे," मी म्हटलं.

"माझ्याकडे आहे ते. नाव घालायला उशीर झाला नसेल ना?" हे तिने मला विचारलं, पण बघत होती आईकडे. आई हलव्याची खवलं काढत होती. तिचा हात थांबला. तिने नाही म्हटलं नाही. कॉलेजचं नाव काढलं की ती नाहीच म्हणत आली होती; इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नाही म्हणाली नाही. तिने मान वर करून मला विचारलं, "तो हाय का गो अजून तिथं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"आहे," मी म्हटलं. "या जूनपासून तोच प्रिन्सिपॉल आहे."

समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं. मैत्रिणीने आईच्या हातातला हलवा घेतला, फळीवर ठेवला आणि त्याला विचारलं, "तुकडे करू का?"