त्र्यंबकचे अडलेले नाव

तितिक्षा म्हणजे नुसते सोसणे नव्हे. ज्याच्यामुळे सोसावे लागले, त्याच्याविषयी मनात कटुता न धरणे. माझा विद्यार्थी त्र्यंबक सोमण तसा होता. वर्गाबरोबर स्तोत्रे म्हणताना तो कधी अडखळत नसे. साधे बोलताना मात्र पहिल्याच अक्षराला अडे.

एकाहत्तर साली तो आमच्याच शाळेत संस्कृत शिक्षकाच्या जागेसाठी आला. मुलाखत माझ्याकडे होती. नाव सांगताना तो "त्र्य... त्र्य..." करीत राहिला.

मी म्हणालो, "स्तोत्र म्हणताना जीभ गंगेसारखी वाहते आणि नाव सांगतानाच बरी उपोषणाला बसते! नाटके पुरेत."

तो नमस्कार करून निघून गेला आणि छापखान्यात मुद्रितशोधक झाला. माझी चारही पुस्तके त्यानेच तपासली, तीही आपुलकीने.

तो निवर्तल्यावर मी हा मुलाखतीचा प्रसंग सांगितला, तेव्हा माझी डॉक्टर पुतणी हेमा म्हणाली, "अहो काका, नाटक कसलं! मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा तोल ढळला, की शब्द सुरू करण्याचा इशारा वेळेवर मिळत नाही, असं संशोधक मानतात. छंदाची लय तो इशारा बाहेरून देते."

क्षमा मागावी तर तो नाही. माझ्या चार पुस्तकांत एकही अशुद्ध शब्द नाही, एवढेच त्याचे मागे उरले आहे.